तुम्ही पाठवलेली डिस्क वारली, त्याबद्दल

सिएन्फुएगोस, मंगळवार (वीज नाही)

आदरणीय एवारिस्तोमामांना भाचा रिगोबेर्तोचा वाकून नमस्कार.

आम्ही सगळे ठीक आहोत, म्हणजे जितका वेळ वीज असते तितका वेळ ठीक असतो. आईचा रक्तदाब सध्या ताब्यात आहे. तुमचा गुडघा कसा आहे? तिकडे परदेशात, हायलीआच्या डॉक्टरांनी तुम्हाला चालायला सांगितलंय आणि तुम्ही मोटारीतून चक्कर मारून येता, असं मिगदालियामामींकडून कळलं. मामींनाही नमस्कार. मागच्या खेपेची कॉफी संपली, पण हे पत्र कॉफीसाठी नाही.

पत्र डिस्कसाठी आहे. सहा वर्षांपूर्वी 'जन्मभर पुरेल' म्हणून तुम्ही पाठवलेली ती काळी डिस्क गेली. (कुणाचा जन्म, ते तुम्ही सांगितलं नव्हतं.) तिच्यात आमच्या लेकीच्या, यानेइसीच्या पंधराव्या वाढदिवसाचा व्हिडिओ होता आणि त्यात तीन मिनिटं बाबा नातीबरोबर वॉल्ट्झ नाचत होते. डॉमिनोजच्या डावातल्या त्या भांडणापासून बाबांचं नाव काढलेलं तुम्हाला खपत नाही, हे मला ठाऊक आहे. पण त्यांना जाऊन दोन वर्षं झाली, आता एवढं खपवून घ्या. दर रविवारी जेवण झालं की आई खुर्ची टीव्हीला चिकटवून ती तीन मिनिटं बघते. येत्या चौदा तारखेला बाबांचा स्मृतिदिन, आणि तिने ते बघायला अख्ख्या गल्लीला बोलावून ठेवलंय. डिस्क गेल्याचं आम्ही तिला अजून सांगितलेलं नाही. एका रविवारी वीज नव्हती, निभावलं. गेल्या रविवारी नेमकी होती, तेव्हा तुमची भाचेसून मिरेल्डा गुपचूप अंगणात गेली आणि तिनेच मेन स्विच पाडला. स्वतःच्या घरात स्वतः अंधार करायची पाळी आली, आणि तीही या देशात.

आता ती गेली कशी ते सांगतो. दर सोमवारी योएल्विस सायकलच्या टोपलीतून गल्लीतल्या सगळ्या डिस्क गोळा करतो आणि आठवड्याचा पाकेते, म्हणजे मालिका, सिनेमे, बातम्या, झालंच तर मोबाइल दुरुस्तीचे धडे, असं सगळं भरून आणून देतो. बाबा आणि तुर्की मालिका एकाच डिस्कवर का, असं तुम्ही विचाराल. मामा, डिस्क एकच होती. मालिका लांबत गेली तशी जागा अपुरी पडायला लागली. आधी बारसं पुसलं, मग साडूचं लग्न पुसलं (त्याचं वाईट वाटलं नाही). मग एकदा पाहिलं तर वॉल्ट्झ दोनदा होता. एकच गोष्ट दोनदा कशाला, म्हणून त्यातला एक मीच माझ्या हाताने पुसला. त्या जागेत चाळीस भाग बसले. हे आईला कळवू नका.

मग पंधरा दिवसांपूर्वीच्या सोमवारी योएल्विसकडे भरता भरता वीज गेली, आली, पुन्हा गेली. घरी आली तेव्हा डिस्क टकटक करत होती. गल्लीतल्या प्रत्येकाला उपाय माहीत होता आणि कुणालाही विचारावं लागलं नाही. कुणी म्हणे आपटा, कुणी म्हणे तांदळात पुरा. (पुरण्याइतके तांदूळ ज्याच्या घरी आहेत, त्याचं नाव मी लिहून ठेवलंय.) शेवटी फ्रीझरमध्ये ठेवायचं ठरलं. ठेवली आणि अकरा तास वीज गेली. वरच्या खणातली कोंबडी विरघळून सगळं पाणी डिस्कवर उतरलं.

दुरुस्तीवाल्या ओनेलिओने ती हातात घेतली आणि वास घेतला.

"कोंबडीबरोबर ठेवली होतीस?"

"हो."

"कोंबडी तरी वाचली का?"

मग त्याने मला अर्धा तास झापलं. म्हणाला, आत फिरणारी चकती असलेली डिस्क सायकलवरून हिंडवायची नसते. बिनचकतीची घे, ती आपटली तरी टिकते. आणि तीसुद्धा एक दिवस मरणारच, म्हणून कुठलीही गोष्ट दोन ठिकाणी ठेव. "दुसरी तुझ्या घरात नको ठेवू," तो म्हणाला. "जिथं तुझा हात पोचणार नाही अशा घरात ठेव."

मी शहाणा, तरी चर्चमागच्या एका बाईकडून अंगठ्याएवढी पेनड्राइव्हची काडी घेतली. सोळा टेराबाइट मावतात म्हणे. मावले खरेच. सगळ्या फायलींची नावं दिसतात आणि एकही उघडत नाही, जसं रेशनच्या दुकानात फळ्यावर सगळा माल असतो. बाईला शोधायला गेलो तर ती आता चपला विकते.

तर मामा, बिनचकतीच्या दोन डिस्क पाठवाव्यात ही विनंती. पत्र घेऊन येणारा मिरेल्डाचा भाऊ अकरा तारखेला परत इकडे येतोय. तब्येतीला जपा आणि थोडं पायी चाला.

तुमचा भाचा,
रिगोबेर्तो

ता. क. दोन जड होत असतील तर एक चालेल.

ता. क. आई म्हणते, डिस्क कसली मागतोस, साबण माग. तिला वाटतं मी मालिकांसाठी रडतोय.

ता. क. हे खरं तर वरतीच लिहायला हवं होतं, धीर झाला नाही. डिस्क नको. वाढदिवसाला तुम्ही आलात, बाबांकडे पाठ करून ओसरीवर बसलात, आणि जाताना माझ्याकडून व्हिडिओ मागून घेतलात, 'म्हातारा तेवढा काप' अशा अटीवर. मी आळस केला, कापला नाही. नंतर तुम्ही फोनवर सांगितलंत की ते कचऱ्यात टाकलं. पण मामी मिरेल्डाला म्हणाल्या, की रविवारी जेवण झालं की तुम्ही दार लावून तेच बघता, आणि बाबांची गिरकी चुकते तिथे "वळ, म्हाताऱ्या, आता वळ" असं ओरडता. मामा, त्याची एक प्रत करून पाठवा, मूळ तिथेच राहू दे. ज्या माणसाला तुम्ही बावीस वर्षं घरात पाऊल टाकू दिलं नाहीत, तो आता फक्त तुमच्याच घरात आहे. त्याला चौदा तारखेपर्यंत आईकडे पोचवा.