क्लाउससाहेबांचं अक्षर, बाबांचं टिंब

गुरुवार, संध्याकाळ

आज इथे आखातात, हमरियाच्या ऑफिसात नव्यानं लागलेल्या लेनानं क्लाउससाहेबांच्या जर्मन पत्रात चूक काढली. ते एका शब्दात ß हे ‘एस’च्या उच्चाराचं खास जर्मन अक्षर लिहितात, नव्या नियमानं आता तिथे दोन एस लागतात म्हणे. दोघंही जर्मनच! “मी शाळेत असंच शिकलो,” म्हणत साहेबांनी ß पुन्हा घातलं. उच्चार तोच, मग ß साठी एवढा जीव का?

घरी येऊन बाबांना फोन लावला. ऐंशी उलटली तरी ते ‘नांव’ असं टिंब देऊन लिहितात.

“बाबा, उच्चारात नसलेलं टिंब कशाला देता?”

“अगं, त्याशिवाय शब्द माझा वाटत नाही. आपली सई कसं लिहिते?”

शेजारी बसलेल्या सईला विचारलं.

“ममा, मला कुठे मराठी लिहिता येतं? शो मी,” ती म्हणाली.

पेन्सिल घेतली खरी. पण टिंब द्यावं का?