वर तिचं नाव

रविवार, ८ जून

वर तिचं नाव, खाली ह्यांचं! चौथीच शिकलेय, पण इंग्रजी अक्षरं जुळवून नावं तेवढी वाचता येतात. अंगडी. मग मिरजकर. संशोधनाच्या पेपरवर प्रोफेसर खाली आणि शिकणारी पोरगी वर!

ह्यांचं संशोधन म्हणजे काय — ठिपके काढायचे, रेघांनी जोडायचे. जोडलेल्या दोन ठिपक्यांना एकच रंग द्यायचा नाही. कमीत कमी किती रंगांत भागतं ते सिद्ध करायचं. ह्यात निम्मी हयात गेली. माझ्याशी बोलायला वेळ नाही, पण दर रविवारी ही श्रीनिधी अंगडी आली की फळ्यापुढून हलत नाहीत.

पेपर तयार झाला म्हणून आज दाखवायला आली होती. जाताना दारातच धरलं. "माझ्या हातची भाकरी खाऊन सरांच्याच डोक्यावर बसतेस होय ग?" पोरगी एकच चप्पल घालून तशीच उभी. हे खुर्चीत होते. कागद चाळत बसले!

रविवार, १५ जून

आली नाही. भाकऱ्या उरल्या. बरं झालं.

बुधवार, १८ जून

कोप्पीकर रोडवर उमेश भेटला, ह्यांच्याच कॉलेजात शिकवतो. सांगितलं तर हसायलाच लागला. "वहिनी, गणितात नावं अक्षरांच्या क्रमानं लिहितात. अंगडी आधी, मिरजकर नंतर. लहान-मोठं नसतं त्यात. सरांना विचारा की!"

तोंड कुठं लपवू असं झालं. घरी येऊन विचारलं, "अहो, मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"तू ऐकतेस का कुणाचं?" पुस्तकात डोकं घातलं.

गुरुवार, १९ जून

चिगरी बसनं धारवाडला, तिच्या हॉस्टेलवर गेले. चुकलं म्हटलं.

"होगली बिडरी अक्का, सोडून द्या." खाली बघत होती. मग बोलली. सरांचा फोन आला होता — घरात फार कटकट चाललीय, ह्या पेपरवर तुझं नाव नको, पुढच्यावर बघू.

"पेपरातली अडलेली गाठ सोडवली कुणी?" मी विचारलं.

"मीच. पण थीसिसवर सही सरांचीच लागते ना, अक्का."

म्हणजे भांडले मी आणि साधलं ह्यांचं! मला वाटलं, बायकोपुढे गप्प बसले. गप्प कुठले — आयतंच मिळालं!

घरी आल्या आल्या म्हटलं, "तिचं नाव घाला."

"तुला काय कळतं त्यातलं?"

हे जेवले. दोनदा आमटी मागून घेतली.

सोमवार, २३ जून

ह्यांनी पेपर धाडला. वर एकच नाव. शेवटी बारीक अक्षरांत आभार — तिथंही पोरगी नाही.

"बघ, तुझं नाव घातलंय," आभारांवर बोट ठेवून मला म्हणाले.