दिवेलागणीनंतरचा विस्तव

तीर्थरूप नानामामा,

तुमची कादंबरी आज छापून हाती आली. तिची पहिली प्रत कोणाला दाखवावी, हा प्रश्न पडला आणि मी लिहायला बसले. उत्तर येणार नाही हे ठाऊक आहे. तरी या कादंबरीचे शेवटचे प्रकरण कसे वाचले, हे तुम्हांला सांगितल्यावाचून मला राहवत नाही.

आधी माझा अपराध. गेल्या वर्षी तुम्ही ते प्रकरण मला वाचून दाखवलेत. भिंगारच्या पेठेतल्या वैद्याचा खून, सव्वाशे वर्षांपूर्वीचा. काडेपेटी अजून घरोघरी पोहोचायची होती. संशयित पुतण्या सांगतो, "दिवे लागल्यावर गल्लीतल्या एका बाईकडून विस्तव मागून आणला आणि घरीच चूल पेटवली." तेवढ्या एका वाक्यावरून तुमचा जमादार त्याला खोटा ठरवतो. मी काय म्हणाले, आठवते? "मामा, सात पाने नुसत्या विस्तवावर?" तुम्ही कागद आवरलेत आणि एवढेच म्हणालात, "पुन्हा वाच." मी वाचले नाही. शाळेत पहिली येणारी मुलगी ना मी!

त्या सात पानांसाठी तुम्ही किती हिंडलात! कचेरीतली कारकुनी सांभाळून दर रविवारी सायकल एस.टी.च्या टपावर टाकायची आणि शेवगाव गाठायचे. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या म्हाताऱ्यांपाशी तुम्ही वही घेऊन बसलात, तेव्हा त्यांना वाटले, हजेरी घेणारे साहेब आले.

"सायेब, माज्या सुनंचं नाव ऱ्हायलंय बगा."

"आजी, मी साहेब नाही. मला सांगा, तुमच्या आजीच्या काळी दिवा लागल्यावर शेजारणीला विस्तव देत होत्या का?"

"आँ? ह्ये इचाराया नगरास्नं आला व्हय?" सगळ्या हसत सुटल्या. मग ती म्हातारी एकदम गंभीर झाली. "दिवा लागल्याव इस्तू द्यायचा न्हाई बाबा. घरची लक्षुमी जाती."

हे तुम्ही आईला नक्कल करून सांगत होतात आणि मी दाराआडून ऐकत होते. दाराआडून का? पुढे येऊन विचारले असते, तर तुम्ही मला सोबत नेले असतेत. आणि तुम्ही तरी कधी हाक का मारली नाहीत?

तुम्ही गेल्यावर तीन महिन्यांनी छापखान्यातून मुद्रिते तपासायला घरी आली. या वेळी मी ते प्रकरण पुन्हा वाचायला घेतले. पण त्यात विस्तव नव्हताच! जमादार काचेच्या पेल्यावरचे बोटांचे ठसे पाहून खुनी पकडत होता. मामा, तुमच्या जमादाराला ठशांचे शास्त्र कुठून ठाऊक असणार?

मी आईला घेऊन प्रकाशकांकडे गेले. पुढे छापखाना, मागे त्यांचे बिऱ्हाड. ते चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "हे बघ बाळ, वाचकाला खून कळतो, चूल कळत नाही. नानांच्या बाकी एका शब्दाला धक्का लावलेला नाही."

"पण त्या काळी ठशांवरून गुन्हेगार ओळखत नव्हते."

"कोणाला कळणार आहे?"

"मला कळते," मी म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की आईनेच तो मोठ्याने पुन्हा सांगितला. ते हसले. "उद्या सकाळी छपाईला घेतोय. आता बदल व्हायचा नाही."

तेवढ्यात आतून निरांजनाचा वास आला. त्यांच्या मातोश्रींनी नुकताच देवापाशी दिवा लावला होता. मला एकाएकी काय सुचले कोण जाणे! मी उठले, स्वयंपाकघराच्या दारात गेले. शेगडीत निखारे फुललेले होते.

"आजी, थोडा विस्तव देता का? घरी न्यायचा आहे."

"अगो बाई!" आजी ओरडल्या. "आत्ता दिवा लावलाय, दिसत नाही? तिन्हीसांजेचा विस्तव घराबाहेर देतात होय गं? शाळेत हेच शिकवतात वाटतं! तुझ्या आईला विचार जा!"

बाहेर छपाईचे खिळे जुळवणारे दोघे खो खो हसले. प्रकाशक मात्र हसले नाहीत. त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, तुमचे हस्तलिखित मागवले आणि सातही पाने उभ्याने वाचली. मग म्हणाले, "ठसे काढा. नानांचं जसंच्या तसं जुळवा." आणि माझ्याकडे वळून, "पोरी, आमच्या आईलाच साक्षीला उभं केलंस की!"

मामा, मला तुमचा किती अभिमान वाटला म्हणून सांगू! इतिहास राजांच्या बखरीत असतो असे मी पाठ केले होते. तुम्ही तो चुलीपाशी शोधलात, आणि तो इतका खरा होता की दोन शब्द विचारताच घरातून उत्तर आले.

पण तुमच्या वह्या चाळताना एक गोष्ट ध्यानात आली. बाळंतिणीची खोली, न्हाणीघर, बायकांची आपसातली व्रते... तिथे तुम्ही पान कोरे सोडले आहे आणि समासात लिहिले आहे, "बायका सांगत नाहीत." कशा सांगतील? तुम्हांला माजघराच्या उंबऱ्यापर्यंतच जाता आले.

मी आत जाईन. लाजेने जीव गेला तरी विचारीन, आणि ती कोरी पाने भरीन, हे वचन.

तुमची भाची,
सुमन