प्रदर्शनातलं जातं

शनिवार, ११ फेब्रुवारी १९५६

आज जळगावच्या प्रदर्शनात गावाचं जातं मांडलं. 'आमच्या खाणीचा दगड' ही पाटी मीच रंगवली होती. खाणीत आता पाणी साचलंय, बाया चक्कीवर दळण नेतात, तरी गावाची ओळख म्हणजे जातंच! हार घालून झाला. मग ज्यांचा जन्म त्या खाणीत दगड फोडण्यात गेला, त्या नानांनी जात्यावर बोट मुडपून दोनदा वाजवलं, आवाज बद्द आला, तसं त्यांनी मला बाजूला घेतलं.

"मास्तर, हाऊ दगड आपला नही शे."

सरपंचांना गाठून विचारलं. गावात एकही धड जातं सापडेना, म्हणून धरणगावच्या बाजारातून विकत आणलेलं. मी पाटी काढायला निघालो, तर नानांनीच हात धरला. "राहू द्या. बठ्ठं गाव खूश शे."

सगळं गाव खूश, म्हणून राहू दिली. दुसरं काय करणार होतो? दिवसभर येणाऱ्याजाणाऱ्याला तीच पाटी वाचून दाखवली.

घरी आल्यावर न्हाणीपुढच्या दगडावर तसंच बोट मुडपून वाजवलं. खणखणीत वाजला. आमच्याच खाणीचा, आमच्याच जात्याचा खालचा दगड. चक्की आली तेव्हा पाय धुवायला मीच तो तिथे टाकला. वरचा कुणाला दिला, आठवत नाही.