अल क्वोजमधले वाफे

अब्बा, तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली आणि माझा राग अजून उतरलेला नाही. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी रागावते. अम्मी तुमच्या चांगुलपणाच्या गोष्टी सांगायला लागली की मी भांडी घासायला उठते.

मी नववीत होते. इतिहासाच्या बाई स्वतः स्कॉटलंडच्या, त्यांनी तिथल्या कुळांचा धडा शिकवला होता. तो मी तुम्हाला शारजातल्या आपल्या स्वयंपाकघरात सांगतेय आणि तुम्ही सुक्या बांगड्याबरोबर तांदळाची भाकरी खाताय. डोंगराळ भागात पिढ्यान्पिढ्या जमीन कसणारी माणसं. जमीनदारांना मेंढ्या पाळण्यात जास्त फायदा दिसला, म्हणून त्यांनी या माणसांना घराबाहेर काढलं, आणि परत येऊन घर उभारू नये म्हणून छपराचे वासेसुद्धा जाळले. जमीनदाराला बऱ्याचदा त्यांची भाषाही येत नसे. नोटीस त्यांच्या बोलीत समजावायला त्याचा माणूस असायचा, कधी कधी त्यांच्यातलाच. तुमचा घास हातातच राहिला. "आमच्या आज्याला खोतानं असाच काढला," तुम्ही म्हणालात. "खोत एक वेळ परवडला. तो मधला माणूस जहन्नममध्ये जाणार, लिहून ठेव." मी ते निबंधात जवळजवळ तसंच लिहिलं.

तुम्ही अल क्वोजमधल्या कामगार वसाहतीचे कॅम्प बॉस, कंपनीच्या वतीने तिथला कारभार बघणारे. खोल्यांच्या मागच्या मोकळ्या जागेत माणसांनी शेती केली होती. हो, शेतीच. एसीच्या नळ्यांतून ठिबकणारं पाणी डब्यांत साठवायचं, फुटक्या ब्लॉकचे बांध घालायचे, शर्टाच्या खिशातून गावचं बी आणायचं. प्रत्येक खोलीचा एक वाफा. सुट्टीवर जाणारा आपला वाफा शेजारच्या खोलीच्या हवाली करायचा आणि येताना त्यांच्यासाठी बी आणायचा, हा तिथला कायदा. दर शुक्रवारी तिथली भेंडी आपल्या घरी यायची आणि तुम्ही ती हक्काने खायचात.

मग कंपनीला ट्रक उभे करायला जागा हवी झाली. ऑफिसची नोटीस इंग्रजीत होती: सात दिवसांत सगळं काढा, नाहीतर मशीन लावून काढू. त्या शुक्रवारी तुम्ही मलाही बरोबर नेलंत. तुम्ही पायरीवर उभे, हातात कागद, समोर सगळी माणसं, आणि पुढे महाडकडचा एक म्हातारा गवंडी.

"साहेब, काय लिवलंय?"

"काय नाय, चाचा. ट्रकला जरा बाजूनं जागा पायजे."

"म्हंजे वाफे ऱ्हातील?"

"इन्शाल्ला."

तुम्ही त्याच्या बोलीत बोललात म्हणून त्याने मान डोलावली. ऑफिसातल्या कुणी हिंदीत सांगितलं असतं तर त्याने दहा प्रश्न विचारले असते. त्या आठवड्यात कुणी काहीच काढलं नाही. उलट, ट्रकला जागा व्हावी म्हणून त्यांनी कडेचे दोन वाफे आपणहून मोडले आणि बांध हातभर आत घेतला. तो आत घेतलेला बांध आठवला की आजही माझं डोकं फिरतं.

आठव्या दिवशी, माणसं साइटवर असताना, लोडर आला. संध्याकाळी कंपनीची बस परतली तेव्हा खोल्यांमागे सपाट जमीन होती. हे तुम्हीच घरी येऊन सांगितलंत, बूट न काढता, दारातच बसून. गवंडी ओरडला नाही. "सांगितलं असतंत तर रोपं तरी डब्यात काढली असती," एवढंच म्हणाला. आणि तुम्ही त्याला काय म्हणालात? "खलास, चाचा. ऑर्डर वरून आली." वरून! ऑर्डर वरून आली, पण खोटं कुठून आलं, अब्बा? जागा जाणारच होती, ते मलाही कळतं. व्हिसा कंपनीचा, मालकाला नाही म्हणणं तुमच्या हातात नव्हतं. खरं सांगणं हातात होतं. तब्बल सात दिवस हातात होतं. पुढे तुम्ही भेंडीला कधी हात लावला नाहीत. अम्मीच्या मते तो तुमचा पश्चात्ताप. मला तो फार स्वस्तातला वाटतो.

इथेच थांबणार होते. पण तुमचं इंग्रजी कच्चं होतं, हे तुम्हाला आणि मला माहीत आहे. ती नोटीस आदल्या संध्याकाळी मीच तुम्हाला वाचून दाखवली होती, शब्दन्‌शब्द. तुम्ही कागदाची घडी घातलीत. मग विचारलंत, "सगळं सांगू त्यांना?" आणि मी वहीतून मान वर न करता म्हणाले, "डोन्ट टेल देम, अब्बा. दे विल फाइट." भांडण झालं तर तुमची नोकरी जाईल आणि माझी शाळा सुटेल, अशी मला भीती वाटत होती. तुम्ही माझं ऐकलंत. मरेपर्यंत तुम्ही हे अम्मीला सांगितलं नाहीत, आणि मीही अजून सांगितलेलं नाही.