तिरोड्याच्या रस्त्यावर गेलेला तास

गोंदिया, मंगळवार, १९५४

सरू जाऊन आज तेरा दिवस झाले. दुपारी मोटारीच्या इंजिनाचा धूर बाहेर नेणारा नळा, मॅनिफोल्ड, खोलला. त्याच्या सांध्यातले गॅस्केट जळून गेले होते; धूर तिथूनच आत येत होता. नवे बसवायला अर्धा तासही लागला नाही. महिनाभर तो फटफट आवाज ऐकत होतो, तेव्हाच का नाही बसवले?

त्या दिवशी आजारी सरूला तिरोड्याहून इथल्या दवाखान्यात आणत होतो. गाडीत धूर भरला, तिला श्वास घेता येईना, म्हणून थांबलो. इंजिन निवेपर्यंत हात लावता येईना. मग सांध्याच्या फटीत ॲस्बेस्टॉसची दोरी कोंबून वर तार आवळली. तास गेला. मागच्या सीटवरून ती म्हणाली, "काऊन थांबले जी? धूर राहू द्या, चला न." मी म्हणालो, "झालंच." दवाखान्याच्या दारात उतरवले तेव्हा ती गेलेली होती.

डॉक्टर म्हणतात, तासाभराने फरक पडला नसता. खरेच? की माझा चेहरा पाहून म्हणाले? एक अख्खा तास.

संध्याकाळी सासूबाईंनी विचारले, "जावईबापू, रस्त्यात उशीर झाला होता का जी?"

"नाही," मी म्हणालो.

"तुम्ही तर लय केलं तिच्यासाठी," म्हणाल्या आणि माझ्या पुढ्यात ताट ठेवले. मी मान हलवली, आणि जेवलो.