गणपतीतली हजेरी

बाई,

एक विधान सिद्ध करायला बसलो आहे: शिक्षकाला बिनपगारी राबवणारे सरकार त्याच्या त्यागाचा गौरव करत नाही, त्याची फसवणूक करते. आधी विधान, मग पुरावा, ही शिस्त तुमचीच. नोकरीच्या सुरुवातीला पगार तुटपुंजा म्हणून मी तुमच्या स्वयंपाकघरात कुरकुरलो, तेव्हा चहा गाळता गाळता तुम्ही म्हणालात, “पगाराचं रडगाणं शिक्षकाच्या तोंडी शोभत नाही.” मी गप्प बसलो. आज बसणार नाही.

दोन हजारच्या दशकात भाईंदर पूर्वेला, खाली दुकाने आणि वर वर्ग अशा मराठी शाळेत मी मुख्याध्यापक होतो. आमच्या वरच्या वर्गांना अनुदान नव्हते. तिथे शिकवणाऱ्या तरुण शिक्षिकेच्या हातावर संस्था सणासुदीला काहीतरी ठेवी. एरवी संध्याकाळी ती मीरा रोडच्या दुकानात साड्या दाखवत असे. पट पुरेसा होता, फक्त अनुदानासाठीची सरकारी तपासणी व्हायची होती. अधिकारी आले ते गणपतीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली त्या पहिल्याच दिवशी. आमची मुले रत्नागिरी-रायगडची; अनंत चतुर्दशीआधी परततो कोण? शेजारच्या शाळेतली मुले आणून बाके भरावीत, असे एका सहकाऱ्याने सुचवले होते. मी नकार दिला, आणि त्यात मी चुकलो नाही.

अधिकारी वर्गाच्या दारात उभे आहेत. “मुलं कुठायत?”

“गावी गेलीत, साहेब,” ती सांगते. “विसर्जन झालं की या, बसायला जागा उरणार नाही.”

“मग आज काय बाप्पाची हजेरी लावू?” ते स्वतःच हसतात.

“घरचा गणपती माझाही आहे, साहेब. मी आलेय ना? निदान माझी लावा.”

‘उपस्थिती अपुरी’ असा शेरा पडला. अनुदान नाकारले गेले. फेरतपासणीच्या माझ्या अर्जांना उत्तरही आले नाही. याच मुलांना कोकणात पोहोचवायला जे सरकार जादा गाड्या सोडते, त्याला वर्ग रिकामा का, हे कळत नाही? मी याला अज्ञान मानत नाही. ही तिच्या पोटावर केलेली काटकसर आहे.

निकाल कळला तेव्हा तिने विचारले, “सर, खरं सांगा. माझ्या जागी तुम्ही थांबला असता?”

मी तत्काळ म्हणालो, “हो.” त्या एका शब्दावर ती आणखी काही वर्षे थांबली, लग्न लांबवले, आणि शेवटी त्याच दुकानात दिवसभराची नोकरी धरली.

तुम्ही गेल्यावर हे पत्र कुठे पाठवणार? तरी सही करतो, कारण चूक सहीशिवाय कबूल होत नाही. मला पहिल्या महिन्यापासून पगार मिळाला होता. तिच्या जागी मी थांबलो नसतो, आणि ‘हो’ म्हणताना हे मला ठाऊक होते.

तुमचा विद्यार्थी,
निवृत्त मुख्याध्यापक